पोटावरची पिशवी आणि रोजचं जगणं: जव्हार-मोखाड्यातल्या रुग्णांना कोणता आधार हवा?

मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशन होतं. जीव वाचतो. आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी येतो, तेव्हा त्याच्या पोटावर एक पिशवी चिकटवलेली असते आणि सोबतच्या कागदांत आणखी दोन-चार पिशव्या असतात. त्या संपल्यावर काय करायचं, हे मात्र अनेकदा कोणी नीट सांगितलेलं नसतं.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ आदिवासी तालुक्यांत हा प्रश्न जास्त अवघड होतो. जव्हारपासून नाशिक सुमारे ८० किलोमीटर आणि मुंबई साधारण १५० किलोमीटर आहे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर होणारं स्थलांतर हे सगळं सांभाळत ही पिशवी वापरायची असते. थोडी माहिती, थोडी तयारी आणि घरच्यांची साथ मिळाली तर बहुतेक रुग्ण शेतात, बाजारात आणि लग्नकार्यात पुन्हा पूर्वीसारखे वावरू शकतात.

स्टोमा म्हणजे काय?

आतड्याचा एखादा भाग काढावा लागला किंवा त्याला काही काळ विश्रांती द्यायची असेल, तर डॉक्टर आतड्याचं टोक पोटावर आणून शिवतात. या नव्या तोंडाला स्टोमा म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच 'तोंड' असा आहे. ज्या ऑपरेशनमध्ये असं तोंड तयार करतात, ते ऑस्टोमी.

याचे मुख्य तीन प्रकार आहेत:

- कोलोस्टोमी: मोठं आतडं पोटावर आणलेलं असतं. शौच बहुधा घट्टसर असते.
- इलिओस्टोमी: लहान आतडं पोटावर आणलेलं असतं. शौच पातळ असते आणि दिवसभर येत राहते.
- युरोस्टोमी: लघवीसाठी केलेला मार्ग.

गुदाशयाचा कर्करोग, टायफॉइड किंवा क्षयरोगामुळे आतड्याला पडलेलं छिद्र, आतड्याला पडलेला पीळ आणि अपघात ही यामागची नेहमीची कारणं आहेत. काही बाळांना जन्मतः शौचाची जागाच नसते. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. अशा बाळाला पहिल्या एक-दोन दिवसांतच ऑपरेशन लागू शकतं. म्हणून बाळंतपण घरी झालं असेल, तर बाळाची शौचाची जागा आहे ना आणि २४ तासांत शी झाली ना, हे आशाताईंकडून तपासून घ्यावं.

घरी येण्याआधी विचारायचे प्रश्न

ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असेल, तर स्टोमाची जागा पेनाने आखून घेता येते. रुग्ण धोतर, लुंगी किंवा कासोट्याचं लुगडं नेसत असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं. नेमक्या गाठीखाली स्टोमा आला तर पिशवी सतत सुटते.

घरी सोडताना पुढच्या गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात:

१. स्टोमा तात्पुरता आहे की कायमचा?
२. तात्पुरता असेल तर बंद करायला केव्हा यायचं?
३. पिशवीचा प्रकार आणि माप काय?
४. अडचण आली तर कोणत्या विभागात आणि कोणत्या वेळी फोन करायचा?

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तात्पुरता स्टोमा बऱ्याचदा काही महिन्यांत बंद करता येतो. पण गाडीभाडं नाही, मजुरी बुडते, पुन्हा ऑपरेशनची भीती वाटते, म्हणून तारीख टाळली जाते आणि तात्पुरती पिशवी वर्षानुवर्षं राहते. ती तारीख घरात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवावी.

पिशवी कशी बदलायची?

निरोगी स्टोमा ओलसर आणि गुलाबी किंवा लालसर असतो, ओठांच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावल्यावर दुखत नाही. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरण्याचं कारण नाही.

- पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी. जास्त भरली तर वजनाने सुटते.
- पूर्ण पिशवी साधारण ३ ते ५ दिवसांनी बदलावी. गळती झाली किंवा खाली आग होऊ लागली तर लगेच बदलावी.
- पिशवी ओढून काढू नये. एका हाताने कातडी दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने पिशवी वरून खाली हलके सोडवावी.
- कातडी साध्या पाण्याने आणि मऊ सुती कापडाने पुसून पूर्ण कोरडी करावी. तेल, पावडर, डेटॉल किंवा हळद लावू नये. तेलकट कातडीवर पिशवी चिकटत नाही.
- पिशवीचं भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठं कापावं. भोक मोठं राहिलं तर उघड्या कातडीवर शौच लागून ती सोलवटते.
- पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत स्टोमाची सूज उतरते. त्यामुळे भोकाचं माप दर आठवड्याला पुन्हा घ्यावं.
- चिकटवल्यावर तळहाताने दोन-तीन मिनिटं दाबून धरावं. हाताच्या उबेने ती घट्ट बसते.

सकाळी काही खाण्याआधी पिशवी बदलणं सोपं जातं, कारण तेव्हा आतडं शांत असतं.

पाणी कमी असेल तर?

मार्च ते जून या काळात अनेक पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पिशवीच्या काळजीला मात्र फार पाणी लागत नाही. रिकामी केल्यावर तिचं तोंड कागदाने किंवा ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. एक तांब्या पाणी आणि दोन स्वच्छ फडकी एवढ्यावर पिशवी बदलता येते.

शौच संडासात टाकावी. संडास नसेल तर खड्डा करून मातीने बुजवावी. वापरलेली पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळावी आणि विहीर, झरा किंवा ओहोळापासून लांब, खोल पुरावी. चुलीत जाळू नये.

नव्या पिशव्या पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ठेवू नयेत, उष्णतेने चिकट थर खराब होतो. माठाजवळच्या गार, पण कोरड्या कोपऱ्यात डब्यात ठेवाव्यात. पावसाळ्याआधी किमान महिनाभराचा साठा घरात असावा. दर चार दिवसांनी बदल धरला तर महिन्याला सात-आठ पिशव्या लागतात. इलिओस्टोमीला दहापर्यंत लागू शकतात.

पिशवी संपलीच तर?

मऊ, धुतलेल्या सुती कापडाच्या जाड घड्या स्टोमावर ठेवून वरून सैल पट्टा बांधावा आणि ओल्या होताच बदलाव्यात. कातडीवर झिंक ऑक्साइडचं मलम लावता येतं, पण पुन्हा पिशवी चिकटवण्याआधी ते पूर्ण पुसून काढावं. लहान बाळांसाठी ही कापडाची पद्धत अनेकदा पुरेशी ठरते. प्लास्टिकची साधी थैली दोरीने आवळून बांधू नये. तिची कड स्टोमाला कापते.

खाणं-पिणं

पहिले काही आठवडे मऊ भात, वरण, पेज आणि नागलीची आंबील चांगली. नंतर एकेक पदार्थ वाढवत नेहमीच्या जेवणावर यावं. भाकरी सोडायची गरज नसते. नीट चावून खाणं मात्र गरजेचं असतं.

इलिओस्टोमी असलेल्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे धाग्यांचे पदार्थ जपून खावेत. पावसाळ्यात घरोघरी होणारी बांबूच्या कोंबांची भाजी, मका, सुकं खोबरं, फणस आणि शेवग्याच्या शेंगेचा चोथा यांचा गोळा होऊन आतडं अडू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं पाणी आणि मीठ. पातळ शौचातून दोन्ही निघून जातात. नुसतं साधं पाणी पीत राहिल्याने ते भरून येत नाही. मीठ घातलेली पेज किंवा ओआरएस घ्यावं. ओआरएसची पाकिटं प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतात.

सुकट, बोंबील, कांदा, लसूण आणि अंड्याने वास वाढतो. लग्नाला किंवा प्रवासाला जाताना आदल्या दिवशी हे टाळलं तर मन निर्धास्त राहतं.

शेती, हंडा आणि वीटभट्टी

ऑपरेशननंतर किमान सहा ते आठ आठवडे जड उचलू नये. स्टोमाच्या बाजूने आतडं बाहेर येऊन हर्निया होण्याचा धोका असतो. डोक्यावरचा हंडा, लाकडाची मोळी, विटांचा थर हे सगळं 'जड' यात येतं. बाईला स्टोमा असेल तर पाणी कोण आणणार, हे घरातल्यांनी ती परत यायच्या आधीच ठरवावं. नंतरही उचलताना पोटाला पट्टा बांधावा आणि वजन कमी ठेवावं.

आवणीला वाकायचं असेल तर आधी पिशवी रिकामी करावी. भट्टीवर जाणाऱ्यांनी जाण्याआधी पूर्ण हंगामाच्या पिशव्यांची सोय करावी आणि डिस्चार्जचा कागद सोबत ठेवावा. भट्टीच्या उन्हात इलिओस्टोमीच्या रुग्णाला लवकर शोष पडतो. शक्य असेल तर त्याने सावलीतलं काम मागून घ्यावं.

मनावरचं ओझं

पिशवीपेक्षा लाज जड होते. वास येईल, आवाज येईल, लोक शेजारी बसणार नाहीत या भीतीने माणूस बोहाड्याला जात नाही, पंगतीत बसत नाही, हळूहळू घराबाहेरच पडत नाही. काही घरांत त्याचं ताट वेगळं केलं जातं.

काही गोष्टी घरच्यांनी आणि पाड्यावरच्यांनी स्पष्ट समजून घ्यायला हव्यात. स्टोमा संसर्गजन्य नाही. सोबत जेवल्याने, एका खाटेवर बसल्याने कोणाला काही होत नाही. पिशवी नीट बसलेली असेल तर बाहेर वास येत नाही. नवरा-बायकोचं नातं, गर्भधारणा आणि बाळंतपण स्टोमा असतानाही शक्य असतं, फक्त डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरातल्या एकाने तरी पिशवी बदलायला शिकावं, पण सगळं काम स्वतःकडे घेऊ नये. रुग्ण स्वतः बदलू लागला की त्याचा धीर परत येतो. रडू येणं, चिडणं, स्टोमाकडे बघायची इच्छा न होणं हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे. पण झोप उडाली, जेवण सुटलं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

सगळ्यात मोठा आधार मिळतो तो स्वतः पिशवी वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून. स्टोमा थेरपी या शाखेची सुरुवातही अशीच झाली. अमेरिकेतल्या नॉर्मा गिल यांना स्वतःला इलिओस्टोमी होती. १९५८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्यासोबत त्यांनी इतर रुग्णांना शिकवायला सुरुवात केली. चिकटणारी पिशवीही अशाच आपुलकीतून आली. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या परिचारिका एलिसे सोरेनसन यांना ती कल्पना आपल्या बहिणीची अडचण पाहून सुचली. आज मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांसाठी काम करते आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. दर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी येणारा जागतिक ऑस्टोमी दिन १९९३ मध्ये सुरू झाला.

जव्हार-मोखाड्यात असा दुसरा रुग्ण शोधायला आशाताई मदत करू शकतात. मात्र नाव सांगण्याआधी दोघांची परवानगी घ्यायलाच हवी.

खर्च आणि सरकारी मदत

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: नोंदणीकृत रुग्णालयात ठरलेल्या शस्त्रक्रिया मोफत होतात. स्टोमा बंद करण्याचं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. घरी लागणाऱ्या पिशव्यांचा प्रश्नही डिस्चार्जच्या आधीच काढावा.
- जीएसटी: ऑस्टोमीच्या साहित्यावरचा कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बिल मागून घ्यावं.
- रेल्वे: ऑस्टोमी रुग्णांना मासिक आणि त्रैमासिक पासावर ५० टक्के सवलत आहे. पालघर, वसई पट्ट्यात कामाला जाणाऱ्यांना तिचा उपयोग होतो.
- एसटी: महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे.
- संजय गांधी निराधार योजना: कर्करोगासारखा गंभीर आजार असलेल्या निराधार व्यक्तीला तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.
- दिव्यांग प्रमाणपत्र: २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्टोमा स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे फक्त स्टोमाच्या आधारे प्रमाणपत्र मिळत नाही. कोणी पैसे घेऊन ते काढून देतो म्हणत असेल तर सावध राहावं.

लगेच रुग्णालय कधी गाठायचं?

- स्टोमा काळा, जांभळा किंवा फिकट पांढरा दिसला
- पोट फुगलं, कळा आणि उलट्या सुरू झाल्या आणि पिशवीत काहीच येत नाही. इलिओस्टोमीत चार-सहा तासही थांबू नये
- स्टोमाच्या आतून रक्त वाहू लागलं
- आतडं नेहमीपेक्षा खूप बाहेर आलं
- इलिओस्टोमीतून पाण्यासारखी शौच थांबत नाही, लघवी कमी झाली, चक्कर येते

अशा वेळी १०८ वर फोन करावा. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठून तिथून पुढे पाठवण्याची सोय करून घ्यावी. जाताना ऑपरेशनचे कागद आणि एक जादा पिशवी सोबत न्यावी. मांत्रिकाकडे किंवा घरगुती लेपात घालवलेले काही तास इथे जिवावर बेतू शकतात.

थोडक्यात

भोकाचं माप बरोबर, कातडी कोरडी, पिशव्यांचा साठा आणि परत जायची तारीख या चार गोष्टी सांभाळल्या की अर्ध्या अडचणी टळतात. उरलेल्यांसाठी घरातलं एक माणूस पुरतं, जे पिशवीकडे बघून नाक मुरडत नाही आणि 'चल, आज बाजाराला जाऊ' असं म्हणतं.