बैलाची गोणी, गोलंदाजाची पाठ

पऱ्हाटी उपटून झाली की पोहरादेवीच्या आसपासच्या गावांत रिकामी वावरं मैदानं होतात. रोलर नसतो; ट्रॅक्टर दोनदा फिरवला की खेळपट्टी तयार. आठ षटकांचे टेनिस चेंडूचे सामने, मंडपात माईक धरून बसलेला समालोचक, टेबलावर ओळीनं मांडलेल्या ढाली. अशाच एका स्पर्धेत दहावीतला एक मुलगा गोलंदाजी करताना पाहिला. प्रत्येक चेंडूनंतर त्याचा डावा हात कमरेवर जात होता. सीमारेषेवरून आवाज आला, "कायले नाटकं करतं बे, टाक ना!" कर्णधार धावत आला, पाठीवर स्प्रे मारला आणि म्हणाला, "मर्दा, एकच ओव्हर राह्यली." त्यानं ती टाकली. सामना जिंकला. मुलाला खांद्यावर घेऊन नाचले. घरी जाताना मात्र तो मोटरसायकलवर मागं बसला तो वाकूनच. पुढच्या मोसमात तो दिसला नाही. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "त्याची कंबर गेली." जणू कंबर पावसासारखी आपोआप येते आणि जाते.

त्या दिवशी मैदानावर कुणाला काही चुकलं असं वाटलं नाही, कारण सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: खरा खेळाडू दुखणं सांगत नाही. हे मत फक्त वावरातलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हल कसोटी भारतानं सहा धावांनी जिंकली, तेव्हा सुनील गावसकरांनीही तेच मांडलं. 'वर्कलोड', म्हणजे खेळाडूवरचा भार मोजणं, हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून कायमचा जावा, असं ते म्हणाले. सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का, असा त्यांचा सवाल होता. गावसकरांच्या शब्दाला मराठी घरात वजन आहे, आणि ते असायलाच हवं. म्हणूनच या मताला हसून चालणार नाही. आधी त्याची बाजू पुरती मांडू, मग उत्तर देऊ.

पूर्वपक्षाचे मुद्दे तीन. पहिला: जुने खेळाडू असे मोडत नसत. कपिलदेव १३१ कसोटी खेळले. पदार्पणापासून निवृत्तीपर्यंत त्यांची एकच कसोटी हुकली, तीही दुखापतीमुळे नव्हे, संघातून वगळल्यामुळे. दुसरा: सोसण्यातच मोठेपण आहे. २००२ साली अँटिगात मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून अनिल कुंबळेंनी चौदा षटकं टाकली आणि ब्रायन लाराला बाद केलं. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात मोहम्मद सिराज पाचही कसोटी खेळला, १८५ षटकांहून जास्त टाकली आणि २३ बळी घेतले. जसप्रीत बुमरा मात्र आधी ठरल्याप्रमाणे तीनच कसोटी खेळला, आणि भारतानं जिंकलेल्या दोन्ही कसोटींत तो नव्हता. तिसरा मुद्दा सगळ्यांत टोकदार आहे: मोजून तरी काय साधतं? अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये तर पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, प्रत्येक चेंडू मोजला जातो. तरीही मोठ्या लीगमध्ये दुखापतीच्या यादीत पिचरांची नावं जाण्याच्या घटना २००५ मध्ये २१२ होत्या, त्या २०२४ मध्ये ४८५ झाल्या.

आता उत्तर.

कपिलदेव खरेच, पण ते आपल्याला आठवतात ते टिकले म्हणून. जे मोडले त्यांची नावं कुठल्या यादीत आहेत? मोडलेला गोलंदाज पुढं गोलंदाज म्हणून ओळखलाच जात नाही. तो किराणा दुकान चालवतो, नाहीतर ऊसतोडीला जातो. जात्यातून अखंड निघालेला एक दाणा दाखवून जातं दळत नाही असं सिद्ध करता येत नाही. आणि जुन्या काळी मोडणारे कमी होते, हेही खरं नाही. बेसबॉलमध्ये सँडी कूफॅक्स हा पिचर १९६६ मध्ये २७ सामने जिंकून त्याच वर्षी निवृत्त झाला, वयाच्या तिसाव्या वर्षी. कारण कोपरातला संधिवात. त्या वर्षी त्यानं ३२३ डाव टाकले होते. त्या काळी चेंडूंची मर्यादा ठरवणारा आजच्यासारखा कुणी नव्हता. दुखत असतानाही टाकत राहणं हीच रीत होती. कोपर मोडायचंच, फक्त मोडण्याला नाव नव्हतं.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर देताना जखम आणि झीज यांतला फरक आधी सांगायला हवा. कुंबळेंचा जबडा ही जखम होती. मोडलेला जबडा गोलंदाजीच्या हाताशी जोडलेला नसतो. त्या दिवशी षटकं टाकल्यानं तो आणखी मोडला नसता, आणि ते लगेच शस्त्रक्रियेसाठी घरी परतले. तो धैर्याचा प्रसंग होताच, पण त्यात हिशेबही होता. झीज वेगळी. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का पायातून कमरेच्या मणक्यात जातो, आणि शरीर त्याच क्षणी एका बाजूला वाकलेलं आणि वळलेलं असतं. मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला अशा धक्क्यांनी केसाहून बारीक चीर पडू शकते. विश्रांती मिळाली तर हाड ती भरून काढतं आणि आधीपेक्षा बळकट होतं. विश्रांती मिळाली नाही तर चीर चिरेला मिळते. डॉक्टर ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. बुमराच्या पाठीला २०२२ मध्ये हेच झालं. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि तो थेट त्या ऑगस्टमध्ये मैदानावर परतला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं हाड तर अजून पक्कं झालेलंच नसतं. अशा मुलाला 'एकच ओव्हर' म्हणणं म्हणजे ओल्या विटेवर भिंत उचलणं.

झीज दुखण्याच्या जागी थांबत नाही, हे तर आणखी वाईट. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात डिझी डीन या पिचरच्या पायावर चेंडू बसला आणि अंगठा मोडला. तो पुरता बरा होण्याआधीच परतला. अंगठ्यावर भार नको म्हणून त्यानं पावलाची लय बदलली, आणि त्यात त्याचा हातच गेला. १९३४ मध्ये एका मोसमात तीस सामने जिंकलेला हा गडी सत्तावीस वर्षांचाच होता. पायाचं दुखणं सोसलं आणि मोडला हात. सोसणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो, कारण दुखतं एके ठिकाणी आणि तुटतं दुसरीकडं.

राहिला सीमेवरचा जवान. या दृष्टांतातच त्याचं उत्तर आहे. सियाचेनच्या चौकीवर जवानाला थेट नेऊन सोडत नाहीत. टप्प्याटप्प्यानं उंचीची सवय करून देतात, आणि वरच्या चौकीवर साधारण तीन महिने झाले की खाली आणतात. जिथं जिद्दीला खरोखर पर्याय नाही तिथं सैन्यानं जिद्दीवर सोडलं नाही, पाळ्या लावल्या. वर्कलोड मोजण्याचं याहून काटेकोर उदाहरण देशात क्वचितच सापडेल.

सिराजचं कौतुक हवंच. पण एका मालिकेत एक गोलंदाज टिकला, यावरून सगळ्यांनी तितकंच टाकावं असं कसं निघतं? त्याच दौऱ्यात पाय मोडलेला असताना ऋषभ पंत मँचेस्टरला फलंदाजीला उतरला. त्यानंतर तो नोव्हेंबरपर्यंत कसोटी खेळू शकला नाही. ओव्हलला इंग्लंडचा ख्रिस वोक्स निखळलेल्या खांद्यानं मैदानात आला, आणि सप्टेंबरात त्यानं आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. टाळ्या आपण वाजवल्या. हिशेब त्यांनी भरला.

विश्रांतीनं खेळाडू मऊ पडतो, हेही खोटं आहे. नीरज चोप्राच्या भाला फेकणाऱ्या हाताच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. घाई न करता तो परतला, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत त्याचा भाला ८७.५८ मीटरवर पडला. सुवर्णपदक.

तिसरा मुद्दा, मोजूनही दुखापती वाढल्याच, त्याला सरळ उत्तर द्यायला हवं, कारण आकडा खरा आहे. पण मोजलं काय ते पाहू. बेसबॉलनं चेंडूंची संख्या मोजली. मुलांसाठी 'पिच स्मार्ट' नावाचे नियम २०१४ मध्ये आले: अकरा-बारा वर्षांच्या मुलानं दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू, सतरा-अठरा वर्षांच्यानं १०५, चौदा वर्षांपर्यंतच्यानं एका दिवसात ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी. हे ठीकच. पण त्याच काळात प्रत्येक चेंडूमागचा जोर वाढला. मोठ्या लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२ झाला. चेंडू कमी टाकायचे, पण प्रत्येक चेंडू जीव तोडून. मोजमाप फसलं ते अपुरं होतं म्हणून. तराजूच्या एकाच पारड्यात वजन टाकून माप चुकलं, तर तराजू फेकून देत नाहीत.

आणि बेसबॉलची एक व्यवस्था आपल्याकडं बोललीच जात नाही. तिथं पिचर दुखापतीच्या यादीत गेला की किमान पंधरा दिवस बाहेर. त्याच्या जागी दुसरा येतो, त्याचा पगार मात्र चालू राहतो. म्हणजे 'दुखतंय' असं म्हटल्यानं त्याची रोजी जात नाही. आपण ज्याला दुखणं लपवण्याची जिद्द म्हणतो, तिचा मोठा भाग खरं तर जागा जाण्याची भीती असते. सांगितलं तर उद्या दुसऱ्याला घेतील, ही ती भीती. ती काढली की माणूस आपोआप खरं बोलू लागतो.

हे अमेरिकेचं शहाणपण आपल्या मातीला परकं आहे, असं कुणी म्हणेल. त्याला पोहरादेवीतच उत्तर आहे. बंजारा समाजाची ही काशी.  या समाजाचा जुना धंदा लदेणीचा: बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ देशभर पोचवायचं. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये असा एक तांडा भेटला. चौदा हजार बैल, सगळे धान्यानं लादलेले. आणि तांडा दिवसाला चालायचा किती? फार तर सहा-सात मैल, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. बैल दमदार होते, वाट मोकळी होती, बाजार वाट पाहत होता. तरीही तांड्यानं बैलाला त्याहून जास्त चालवलं नाही. वाटेत चराई हवी, पाणी हवं, उद्याही त्याच पाठीवर तीच गोणी चढवायची आहे, हे तांड्याच्या नायकाला माहीत होतं. 'खरा बैल थकत नाही' असं कुठल्या नायकानं म्हटलं असतं, तर त्याचा तांडा बाजाराला पोचलाच नसता.

तांडा आणि आमचं वावर यांत हा फरक का पडला, तेही त्यातच दिसतं. बैल तांड्याचे स्वतःचे होते. बैल बसला तर नुकसान नायकाचं. बेसबॉलच्या क्लबनं पिचरवर कोट्यवधी ओतलेले असतात, म्हणून तोही मोजतो, अर्धवट का होईना. आमच्या वावरातल्या मुलाची पाठ मात्र कुणाच्याच मालकीची नाही. आयोजकाला ढाल द्यायची असते, संघाला जिंकायचं असतं, आणि मोडलेल्या कमरेचा खर्च भरतो तो बाप, ज्याला मैदानावर कुणी काही विचारलेलं नसतं. ज्याचं नुकसान होतं तो मोजतो, आणि ज्याचं होत नाही तो जिद्दीची गोष्ट सांगतो.

मग करायचं काय? यंत्रं नकोत, डॉक्टरांची फौज नको; साधी मर्यादा हवी. इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका दमात सहा आणि दिवसात बारा षटकांची मर्यादा आहे. आमच्या स्पर्धांतही मर्यादा आहे की: एका गोलंदाजाला एका सामन्यात दोन षटकं. पण ती मुलाच्या पाठीसाठी नाही, सामना रंगावा म्हणून. सामन्याची मर्यादा आहे, दिवसाची नाही.

त्या मुलाचंच घ्या. नंतर मी दोन गावांच्या स्कोअरच्या वह्या चाळल्या. सकाळी तो आपल्या गावाकडून तीन सामने खेळला होता, सहा षटकं. संध्याकाळी दिव्याखाली शेजारच्या गावानं त्याला 'गेस्ट' म्हणून नेलं होतं, चार सामने, आठ षटकं. आणि त्याआधीचा अख्खा आठवडा तो वावरात वाकून पऱ्हाटी उपटत होता, ज्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. दोन्ही वह्यांतलं गणित नियमात बसत होतं. प्रत्येक चेंडूसाठी टिंब होतं, प्रत्येक षटकाची रेघ होती. मोजणी चोख झाली होती. फक्त दोन वह्यांची बेरीज कुणी केली नव्हती.