मेंदूची प्रतिमा आणि मराठी क्रियापद

एच.आय.व्ही.मुळे मेंदूच्या कार्यावर होणाऱ्या परिणामांचे एक सविस्तर वर्णन १९८६ साली नाविया, जॉर्डन व प्राइस यांनी केले. विचारांची मंदावलेली गती, ढळणारे लक्ष, अडखळणारी चाल. आणि सीटी स्कॅनमध्ये आकसलेला मेंदू. पुढे एमआरआयने खोलवरच्या केंद्रकांचे आकुंचन दाखविले, स्पेक्ट्रोस्कोपीने चेतापेशींतील रसायनांचा ऱ्हास मोजला. १९९६ नंतर संयुक्त औषधोपचार आले आणि तीव्र स्मृतिभ्रंश विरळ झाला. सौम्य विकार मात्र उरले.

या प्रतिमांचा दबदबा मोठा आहे. परंतु बाधितांचा समूह आणि इतरांचा समूह यांच्या सरासरीतला फरक त्या दाखवितात. समोरच्या एका माणसाची स्मृती क्षीण झाली की नाही, हे एकट्या प्रतिमेवरून ठरत नाही. रुग्णालयात तिचा मुख्य उपयोग क्षय, टॉक्सोप्लाझ्मा, अर्बुद अशी अन्य कारणे वगळण्यासाठी. २००७ च्या निकषांतही भार आहे तो चाचण्यांवर: त्याच वयाच्या व शिक्षणाच्या लोकांच्या मानाने हा माणूस किती मागे आहे?

इथे आपला, म्हणजे भाषेच्या अभ्यासकांचा, प्रांत सुरू होतो. पुण्यातील १७४ मराठी भाषकांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. मराठीबरोबर हिंदीही चांगली येणाऱ्यांना लक्ष वळविण्याच्या व चुकीचे उत्तर आवरण्याच्या चाचण्यांत अधिक गुण मिळाले. शब्द आठवून सांगतानाही द्विभाषकत्वाचा संबंध नामांशी अधिक दिसला, क्रियापदांशी कमी. नामे दोन्ही भाषांत पुष्कळ सामायिक, क्रियापदे बरीच वेगळी. (आमच्या व्याकरणाच्या तासाला असे उदाहरण कधी मिळाले नाही!) म्हणजे आजाराचे मोजमाप करण्याआधी भाषेचे करावे लागते.

मग पुण्याचे मानदंड पालघरच्या किनाऱ्यावर, एडवणला, जसेच्या तसे कसे लावावेत? या पट्ट्यात घरी वाडवळी वा मांगेली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी-गुजराती. अशी व्यक्ती किती भाषांची म्हणावी? एका मिनिटात आठवतील तितकी नामे सांगताना तिने एकाच माशाचे घरचे व बाजारातले अशी दोन्ही नावे घेतली, तर परीक्षकाने गुण एक द्यावा की दोन?