प्रश्नपरीक्षा

आयुर्वेदानें रोग्याची परीक्षा त्रिविध सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. एका रोग्याच्या बाबतींत इतकी जुनी असलेली ही रीत सबंध गांवाच्या किंवा जिल्ह्याच्या रोगास लावावयाला मात्र राज्यकर्त्यांना फार उशीर लागला.

1897 सालीं पुण्यांत प्लेगचा कहर झाला, तेव्हां सरकारनें पाहिलें पुष्कळ, विचारलें कांहींच नाहीं. गोऱ्या सोजिरांनीं घरें धुंडाळलीं, माणसें उचलून इस्पितळांत नेलीं. हेतु रोग हटविण्याचा होता. परंतु लोक भिऊन रोग्यास दडवूं लागले, आणि दडविलेल्या रोगावर उपाय चालत नाहीं. त्याच वर्षीं 22 जूनच्या रात्रीं प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांजवर गोळी झाडली गेली. न विचारण्याची किंमत दोन्ही पक्षांनीं मोजली.

पुढें 1943 मध्यें सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं आरोग्याच्या पाहणीसाठीं समिती नेमली गेली. हे गृहस्थ मूळचे नाशिकचे. 1946 च्या अहवालांत समितीनें गांवोगांवीं लोकांच्याच आरोग्यसमित्या असाव्यात, अशी शिफारस केली. लोकांच्या सहकार्यावांचून आरोग्य नाहीं, हें तत्त्व त्यामुळें कागदावर तरी आलें.

परंतु विचारण्याचेंही एक शास्त्र असतें. गडचिरोली जिल्ह्यांतील वसा व अमिर्झा या दोन गांवीं डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं 650 स्त्रियांची विचारपूस व तपासणी केली. 1989 मध्यें प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत शेंकडा 92 स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वीं तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा 8 च होत्या. दुखणें होतें, त्याविषयीं विश्वासानें विचारणारें माणूस नव्हतें.

1992–93 पासून मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेच्या देखरेखीखालीं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होऊं लागली. सरकारी दवाखान्यांत जात नसाल तर कां जात नाहीं, हाही प्रश्न तींत घरोघर विचारला गेला. 2015–16 च्या फेरीपासून बुलढाण्यासारख्या प्रत्येक जिल्ह्याचे आंकडे निराळे मिळूं लागले.

याच बुलढाणा जिल्ह्यांत, शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं, 2025 च्या जानेवारींत माणसांचे केस एकाएकीं गळूं लागले. कांहींना तर थोड्याच दिवसांत टक्कल पडलें. पुष्कळांनीं पाण्यावर ठपका ठेविला. त्यांत नवल नव्हतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत खाऱ्या पाण्यानें पिढ्यान्‌पिढ्या छळलें आहे. पुढें महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं तपास करून रेशनच्या गव्हांतील सेलेनियम या द्रव्याकडे बोट दाखविलें.

मग लोकमत निरुपयोगी ठरलें काय? मुळींच नाहीं. लोकांचें मत हें रोगाचें निदान नव्हे, ती अनुभवाची साक्ष आहे. केसांचें कारण सांगतांना गांवकरी चुकले असतील. पण आपणांस काय सोसावें लागतें, हें सांगतांना ते चुकले नाहींत. पाण्याची तक्रार त्या गव्हाहून जुनी आहे आणि तिचें उत्तर निराळें द्यावें लागेल. निदान प्रयोगशाळेनें करावें, हें खरें. परंतु कोणतें दुखणें आधीं हातीं घ्यावें, हें ठरवितांना ज्याचें दुखतें त्याचा शब्द वगळतां येत नाहीं. प्रश्न विचारून उत्तर बासनांत बांधून ठेवणें हा तर न विचारण्याहूनही मोठा दोष आहे. कारण पुढच्या खेपेस लोक खरें बोलत नाहींत.