फॉर्म्युला-३ मोटारशर्यती, २०१९

एक-आसनी, उघड्या चाकांच्या मोटारींची कनिष्ठ श्रेणीतील आंतरराष्ट्रीय शर्यतमालिका. यूरोपीय फॉर्म्युला-३ व जीपी-३ या स्पर्धांच्या जागी ती २०१९ मध्ये प्रथम भरली. मे ते सप्टेंबर या काळात बार्सेलोनापासून रशियातील सोचीपर्यंत आठ ठिकाणी सोळा शर्यती झाल्या. दहा संघ व प्रत्येकी तीन चालक अशी योजना होती. मोटार व ३·४ लिटरचे एंजिन सर्वांना एकाच बनावटीचे असल्याने चालकाचे कौशल्य आणि संघाची यंत्रजुळणी यांवरच निकाल अवलंबून राही.

मुंबईचा जेहान दारूवाला (जन्म १९९८) हा इटलीच्या प्रेमा संघातर्फे उतरला. कार्टिंगमध्ये तयार झालेल्या या चालकाने २०१७ मध्ये न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली होती. बार्सेलोना येथील दुसरी व फ्रान्समधील ल कास्तले येथील पहिली शर्यत त्याने जिंकली. त्याचे खरे प्रतिस्पर्धी मात्र त्याच्याच संघात होते. रशियाचा रॉबर्ट श्वार्ट्झमन २१२ गुणांनी विजेता ठरला. न्यूझीलंडच्या मार्कस आर्मस्ट्राँगला १५८, तर दारूवालाला १५७ गुण मिळाले. वरच्या श्रेणीतील जागा मोजक्याच असल्याने असा एक गुणही क्षुल्लक नसतो.

या श्रेणीतील जोखीमही त्याच हंगामात दिसली. ३१ ऑगस्ट रोजी बेल्जियममधील स्पा येथे, त्याच मेळाव्यातील फॉर्म्युला-२ शर्यतीत, जीपी-३ चा अखेरचा विजेता आंत्वान यूबेर अपघातात मरण पावला. दारूवाला पुढील वर्षी फॉर्म्युला-२ मध्ये गेला व डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधील साखीर येथे त्याने त्या श्रेणीतील आपली पहिली शर्यत जिंकली.