स्वस्त सेलेरॉनची करामत
कमी खर्चात खेळांसाठी संगणक जुळवण्याच्या इतिहासात इंटेलच्या १९९८ सालच्या ‘सेलेरॉन ३००ए’ या प्रोसेसरचे स्थान वेगळे आहे. त्याआधीच्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी जलद स्मृती, नव्हतीच. ३००एमध्ये ती १२८ किलोबाइटच असली तरी प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले, तर महागड्या पेंटियम टूची ५१२ किलोबाइट कॅश निम्म्या वेगाने. बसच्या, म्हणजे घटकांना जोडणाऱ्या मार्गाच्या, वेगाला एका गुणकाने गुणून प्रोसेसरचा वेग ठरे; हा गुणक ४.५ वर पक्का असला तरी बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केल्यास प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने धावे (अर्थात प्रत्येक नग हे सोसेलच असे नव्हते). वाचलेला पैसा बहुधा ‘व्हूडू टू’सारख्या त्रिमितीय कार्डावर लावणेच शहाणपणाचे ठरे, जरी त्याला द्विमितीय चित्रासाठी दुसरे कार्ड जोडावेच लागे.