पुलाच्या पोटातले एडिंबरो

स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराचा साउथ ब्रिज १७८८ मध्ये खुला झाला. त्याच्या १९ कमानींपैकी आज एकच दिसते. बाकीच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या इमारतींआड गेल्या. कमानींच्या पोटात खोल्या काढून तेथे दारूचे गुत्ते, चांभारांची दुकाने, कोठारे थाटली गेली. परंतु पाणी झिरपू नये याची तजवीज झालीच नव्हती. (अशी घाई सरकारी नोकरीत आम्हीही पाहिली आहे.) व्यापारी हळूहळू निघून गेले आणि त्या ओल्या अंधारात निराधार कुटुंबे राहू लागली. पुढे खोल्या राडारोड्याने बुजविल्या गेल्या. १९८० च्या दशकात त्या उकरल्या, तेव्हा औषधाच्या बाटल्या, ताटल्या आणि मुलांची खेळणी निघाली. आता काही खोल्यांत पुन्हा मद्यालये आहेत. इतरांत पर्यटकांना भुतांच्या कथा ऐकवतात. मला मात्र ती खेळणी अधिक अस्वस्थ करतात.