सरकता फोन : एका युक्तीचें चरित्र

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणें हींच आपल्या डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु माणसाच्या हातांत जीं साधनें नित्य वावरलीं त्यांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदां दरबारी इतिहासाहून अधिक बोलका असतो. आज ज्या साधनाविषयीं मी बोलणार आहें तें कांहीं प्राचीन नव्हे. तें प्रचारांतून जाऊन पुरीं वीस वर्षेंही लोटलीं नाहींत. तरी आजच्या शाळकरी मुलाच्या हातांत तें दिलें, तर हें उघडावें कोठून, असाच प्रश्न तो प्रथम करील. मी म्हणतों तो सरकता मोबाइल फोन. त्याचे दोन भाग एकमेकांवर बसविलेले असत, आणि वरचा भाग अंगठ्यानें लोटला म्हणजे खालचीं बटणें दृष्टीस पडत. लांकडी कंपासपेटीचें सरकतें झांकण ज्यांनी हाताळलें आहे, त्यांना ही रचना समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

कोणतीही युक्ति समजून घेण्यास ती ज्या अडचणींतून जन्मली ती अडचण आधीं पाहिली पाहिजे. दूरध्वनीला एक टोक कानाशीं आणि दुसरें तोंडाशीं लागतें, म्हणून त्याला कांहीं एक लांबी हवी. शिवाय आंकडे दाबण्यास बटणें हवींत. हीं बटणें मूळचीं मोबाइलचीं नव्हत. १९६३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांतील दोन गांवीं बेल कंपनीनें फिरत्या तबकडीच्या जागीं बटणांची सेवा प्रथम सुरू केली. त्यापूर्वीं तिच्या संशोधकांनीं बटणांच्या अनेक मांडण्या लोकांच्या हातीं देऊन पारखल्या होत्या, आणि एक-दोन-तीन अशी वरून खालीं येणारी जी मांडणी त्यांत निवडली गेली तीच आजतागायत चालत आली आहे. ३ एप्रिल १९७३ रोजीं मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभें राहून हातांतल्या फोनवरून पहिलें संभाषण केलें. १९८३ सालीं तो फोन विक्रीस आला, तेव्हां त्याचें वजन पाऊण किलोहून अधिक आणि किंमत ३९९५ डॉलर होती. त्याला खिशाची चिंता नव्हती, कारण तो खिशांत मावतच नसे.

पुढें फोन लहान होत गेला, तशी खरी अडचण उभी राहिली. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत नाताळच्या शुभेच्छांचा पहिला लेखी संदेश मोबाइलवर गेला, आणि ऐकण्याचें हें यंत्र वाचण्याचेंही झालें. वाचावयाचें म्हणजे पडदा मोठा पाहिजे. लिहावयाचें म्हणजे बटणें ऐसपैस पाहिजेत. खिशांत ठेवावयाचें म्हणजे अंग आंखूड पाहिजे. एका तळहाताएवढ्या दर्शनी भागावर दोन वारसदार हक्क सांगूं लागले, आणि वांटणी कशी करावी हें कोणास सुचेना. या भाऊबंदकीच्या निवाड्यांतूनच सरकता फोन जन्मास आला.

निवाडे दोन झाले, आणि दोन्ही १९९६ सालचे. पहिला घडीचा. मोटोरोलाचा स्टारटॅक पुस्तकासारखा मिटे आणि उघडे. दुसरा सरकत्या झांकणाचा. फिनलंडच्या नोकिया कंपनीनें ८११० या नांवाचा किंचित् वांकडा फोन काढला, त्याच्या बटणांवर एक झांकण होतें. तें खालीं ओढलें कीं बटणें उघडीं पडत आणि बोलण्याचें टोकही तोंडाच्या जवळ येई. त्याच्या आकारावरून लोक त्याला केळ्याचा फोन म्हणत. आपल्या देशांत ज्योति बसु आणि सुखराम यांच्यामध्यें कलकत्ता ते दिल्ली असें मोबाइलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें, म्हणजे त्यानंतर अवघ्या वर्षभरांतली ही गोष्ट आहे. १९९९ सालच्या ‘मॅट्रिक्स’ या अमेरिकन चित्रपटांत हाच ८११० दिसतो, आणि त्याचें झांकण बटण दाबतांच झटकन् उघडतें. खऱ्या ८११० मध्यें ती सोय नव्हती, ती चित्रपटासाठीं मुद्दाम बसविलेली होती. परंतु त्याच वर्षीं निघालेल्या नोकिया ७११० मध्यें कंपनीनें तशी स्प्रिंग खरोखरीच घातली.

येथपर्यंत सरकत होतें तें केवळ झांकण. पुढची पायरी म्हणजे फोनाचें अंगच दुभंगून एक अर्ध दुसऱ्यावरून सरकविणें. जर्मनीच्या सीमेन्सचे एस्एल् १० आणि २००३ चा एस्एल् ५५ हे या पायरीचे आरंभीचे नमुने होत. या रचनेला खरा बहर आणला तो कोरियन कारागिरांनीं. सॅमसंगचा डी ५००, २००६ चा अवघा तेरा मिलिमीटर जाडीचा डी ९००, आणि त्याच वर्षींचा एल्जीचा ‘चॉकलेट’ हे फोन बाजारांत हौसेनें घेतले गेले. पुष्कळ सरकत्या फोनांच्या खोबणींत एक स्प्रिंग असे. ती अर्ध्या वाटेपर्यंत अंगठ्याला विरोध करी आणि अर्धी वाट ओलांडतांच साह्य करी, त्यामुळें फोन मध्येंच अडून न राहतां ‘टक्’ असा आवाज करून पूर्ण उघडे किंवा पूर्ण मिटे. फोन उघडला म्हणजे बोलणें सुरू, मिटला म्हणजे बोलणें संपलें. घराचें दार लोटून घ्यावें तशी ही क्रिया हाताला कळे, डोळ्यांनीं पाहावी लागत नसे.

या घराण्याचा सर्वांत कर्तबगार पुरुष कोणता, असें विचाराल तर मी नोकिया एन् ९५ चें नांव घेईन. २६ सप्टेंबर २००६ रोजीं न्यूयॉर्क येथें त्याची घोषणा झाली आणि १९०७ नंतरचें नव्हे, २००७ चें साल उजाडून वसंत येतां येतां तो दुकानांत आला. कर वगळून त्याची किंमत सुमारें ५५० युरो सांगितली होती. वजन १२० ग्रॅम, जाडी २१ मिलिमीटर. त्याची विशेष कला अशी कीं तो दोन दिशांना सरके. वरचा भाग वर लोटला म्हणजे आंकड्यांचीं बटणें निघत. तोच भाग खालीं लोटला म्हणजे माथ्यावर गाणें वाजविण्याचीं नि थांबविण्याचीं बटणें निघत आणि पडद्यावरचें चित्र आडवें होई. एकाच पेटीला दोन बाजूंनीं दोन खण असावेत तशी ही रचना होती.

आतां त्याचें गुणदोषविवेचन करूं. गुण पुष्कळ होते. पांच मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि त्यावर कार्ल झाइस कंपनीचें टेसार जातीचें भिंग. हें भिंग १९०२ सालीं पाउल रुडोल्फ यांच्या हातून सिद्ध झालें होतें, म्हणजे शंभर वर्षांची विद्या या खिशांतल्या यंत्रांत उतरली होती. मूळच्या एन् ९५ मध्यें त्या भिंगाला धुळीपासून राखण्यास स्वतंत्र झांकणही होतें. शिवाय उपग्रहांच्या साह्यानें आपण कोठें आहों तें दाखविणारी जीपीएस सोय, वायफाय, तिसऱ्या पिढीचें जलद जाळें, सामान्य हेडफोनला चालणारें भोंक, आणि कोणालाही नखानें काढतां येईल अशी बॅटरी. आज हें सारें साधें वाटेल, पण २००७ सालीं एका ठिकाणीं इतकी सामग्री मिळणें नवलाचें होतें.

दोषही लहान नव्हते. इतके चाकर पोसण्यास बॅटरी होती अवघी ९५० मिलिअँपिअर-तासांची. त्याच वर्षीं निघालेल्या ८ जीबीच्या सुधारलेल्या आवृत्तींत ती १२०० ची केली गेली, यावरून ही उणीव कंपनीलाही पटली होती असें दिसतें. काम करतांना लागणारी स्मृति ६४ मेगाबाइट, तीही पुढें दुप्पट करावी लागली. आणि एक दोष तर साऱ्या सरकत्या जातीचाच होता. वरच्या नि खालच्या भागांना जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी, जिला दुरुस्तीच्या दुकानांत ‘फ्लेक्स’ म्हणतात, ती प्रत्येक उघडझांपीला वांकत असे. हजारों वेळां वांकलेली कोणतीही पट्टी एक दिवस तुटते. ज्या हालचालींत या फोनाचें सौंदर्य होतें, तिच्यांतच त्याचें मरण होतें.

परंतु सरकता फोन बॅटरीनें मेला नाहीं कीं पट्टीनेंही मेला नाहीं. ९ जानेवारी २००७ रोजीं, म्हणजे एन् ९५ दुकानांत येण्यापूर्वींच, ॲपल कंपनीनें आपला आयफोन जगाला दाखविला. दोहोंच्या गुणांची यादी शेजारीं शेजारीं मांडली तर निकाल सरळ एन् ९५ कडे जातो. त्या पहिल्या आयफोनचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा होता, त्याला चलच्चित्र घेतां येत नसे, त्यांत जीपीएस नव्हतें, तिसऱ्या पिढीचें जाळेंही नव्हतें. असें असतां जिंकला तो कसा? कारण त्यानें जुन्या भांडणाचा निवाडा केला नाहीं, भांडणाचें कारणच नाहींसें केलें. बटण ही वस्तु न राहतां पडद्यावरचें चित्र झालें. हवें तेव्हां उमटावें आणि काम संपतांच पुसून जावें. पडदा आणि बटणें यांच्यांत जागेची वांटणी करण्याची गरजच उरली नाहीं, मग सरकविणार काय आणि कशासाठीं? २००७ च्या अखेरीस जगांत विकल्या जाणाऱ्या दर शंभर मोबाइलांपैकीं सुमारें चाळीस नोकियाचे होते. त्याच नोकियाचा मोबाइलचा व्यवसाय २५ एप्रिल २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्टकडे गेला, आणि एल्जीनें २०२१ सालीं हा धंदाच सोडला.

तरी ती युक्ति एकदम लोपली नाहीं. २००८ चा पहिला अँड्रॉइड फोन, २०१० चा ब्लॅकबेरी टॉर्च, २०१५ चा ब्लॅकबेरी प्रिव्ह, या सर्वांच्या पोटांत सरकतीं बटणें होतीं. आणि मौज अशी कीं २०१८ सालीं पडदा सगळा दर्शनी भाग व्यापूं लागला व समोरच्या कॅमेऱ्याला जागा उरेना, तेव्हां शाओमीच्या मी मिक्स ३ मध्यें हीच सरकण्याची रीत कॅमेरा लपविण्यास पुन्हा कामास आली. भांडण पुन्हा उपजलें, तसा जुना पंचही पुन्हा बोलावला गेला.

या स्थित्यंतरांत आपलें कांहीं गेलें कीं नाहीं? गेलें. पांचाच्या बटणावर एक लहानसा उंचवटा असे. त्याच्या आधारानें अंगठा अंधारांत, खिशांत, डोळे मिटूनही आंकडे शोधी. दृष्टि अधू झालेल्या वृद्धाला आणि अंध माणसाला तो उंचवटा म्हणजे मैलाचा दगड होता. गुळगुळीत कांचेवर असा खुणेचा दगड नाहीं. न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं २००९ पासून आयफोनवर, बोटाखालीं काय आहे तें वाचून दाखविणारी सोय झाली, आणि अंधांना पूर्वीं जें वाचतां येत नसे तें पुष्कळ त्यामुळें वाचतां येऊं लागलें. म्हणजे मिळालें तें मोठें आहे. पण बोटांना स्वतःचें असें जें ज्ञान होतें तें मात्र मावळलें, आणि एकदां मोडलेली हाताची संवय पुस्तकांतून शिकतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. फोन हें एकट्यानें जगणारें यंत्र नव्हे, तें जाळ्यावर जगतें. ऑस्ट्रेलियांत २०१८ पर्यंत दुसऱ्या पिढीचीं आणि २०२४ पर्यंत तिसऱ्या पिढीचीं मोबाइल जाळीं बंद झालीं. तेथें एकादा एन् ९५ आज नवा कोरा निघाला, तरी तो मुकाच राहणार. मुका, पण रिकामा नव्हे. त्याच्या पोटांत त्या काळचे संदेश आहेत, छायाचित्रें आहेत, कदाचित् आज हयात नसलेल्या माणसाचा आवाजही असेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळींतून जुने कागद गोळा केले, आणि १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. त्या कागदांना वाळवी लागे, तरी उरलेलें अक्षर डोळ्यांनीं वाचतां येई. या दप्तराची गोष्ट तशी नाहीं. बॅटरी फुगली, चार्जर हरवला, पट्टी तुटली कीं तें दप्तर कुलूपबंद होतें आणि किल्ली करणारा कारागीर दिवसेंदिवस दुर्मिळ होत जातो. आपल्यापैकीं पुष्कळांच्या कपाटांत असा एकादा फोन पडून असेल. तो मोडींत घालण्यापूर्वीं, जोंवर तो उघडतो आहे तोंवर, त्यांतील मजकूर बाहेर काढून ठेवावा, एवढी माझी विनंती आहे.

सरकत्या फोनाविषयीं माझा निर्णय थोडक्यांत असा. जुन्या साधनाची परीक्षा आजच्या साधनाशीं तुलना करून होत नाहीं. त्यास जो प्रश्न घातला होता त्याचें उत्तर त्यानें कसें दिलें, हेंच पाहावें लागतें. लहान जागेंत मोठा पडदा आणि पुरेशीं बटणें कशीं बसवावीं, या प्रश्नाला माणसानें दिलेल्या उत्तरांत हें एक अतिशय चांगलें उत्तर होतें. तें चुकलें म्हणून गेलें नाहीं, प्रश्न बदलला म्हणून गेलें. आज आपल्या हातांत जी कांच आहे तिलाही एक दिवस याच न्यायासनापुढें उभें राहावयाचें आहे. तेव्हां पुढच्या पिढीनें तिचा न्याय जशा उदार बुद्धीनें करावा असें आपणांस वाटतें, तशाच बुद्धीनें आपण या सरकत्या फोनाचा करूं या.